बाजारातल्या तुरी

‘आम्हाला रिस्क नको बाबा.’ पैशाविषयीचं हे वाक्य आपल्या मंडळींत जितक्या अभिमानानं बोललं जातं, तितक्या अभिमानानं दुसरं कुठलं बोललेलं मी ऐकलेलं नाही. बॉथेलमध्ये कुणाकडेही जेवायला जा. भांडी डिशवॉशरमध्ये गेली, चहा आला, की हा विषय निघतो. बोलणारा साधारण चाळिशीतला, मूळचा नाशिक, नागपूर किंवा सोलापूरचा. आईवडिलांचे पैसे त्यानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवलेले असतात, आणि त्याबद्दल तो समाधानी असतो. त्याच माणसाची इथली बहुतेक बचत मात्र एकाच कंपनीच्या शेअरमध्ये असते, आणि ती कंपनी म्हणजे त्याला पगार देणारी कंपनी. व्हिसा तिच्याच कागदावर. घर अशा गावात, जिथले शेजारीपाजारीही अशाच दोन-चार कंपन्यांत कामाला, त्यामुळे त्या कंपन्या शिंकल्या की घरांच्या किमतींना सर्दी. नोकरी, व्हिसा, बचत आणि घर, सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. तरीही आपण जोखीम घेत नाही असं त्याला मनापासून वाटतं.

तो खोटं बोलत नाही. जोखीम कशाला म्हणायचं हे माणूस ज्या रेघेपासून मोजतो, ती रेघ त्याच्या खात्यातल्या शिलकीवर नसते. आपल्याला इतकं मिळणारच, असं त्यानं मनात धरलेलं असतं, तिथे ती असते. रेघ सरकली की तोच माणूस कधी भित्रा होतो, कधी धाडसी. ‘मराठी माणूस पैशाच्या बाबतीत घाबरट’ हे आपणच आपल्याला चिकटवलेलं लेबल मला म्हणूनच फारसं पटत नाही.

हे मला पुस्तकाआधी वर्गात दिसलं. शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात सहा वर्षं शिकवलं. सीए व्हायला निघालेल्या मुलांची तेव्हाची पहिली पायरी म्हणजे सीपीटी. २०० गुण, सगळे प्रश्न पर्यायी, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा, आणि उत्तीर्ण व्हायला एकूण १०० लागत. सराव परीक्षेत शेवटच्या दहा मिनिटांत मी टेबलाशी न बसता बाकांमधून फिरायची. कसंबसं पास व्हावं एवढ्याच आशेनं आलेला मुलगा, एकशेदहापर्यंत पोचलो असं वाटलं की पेन खाली ठेवायचा. उरलेले प्रश्न कोरे. ‘मॅडम, आहे ते जायला नको.’ त्याच्या शेजारचा, ज्यानं घरी दीडशे सांगून ठेवलेले आणि ज्याचे अंदाजे एकशेवीस होत होते, तो मात्र भराभर गोळे काळे करत सुटायचा. एकशेवीसवाला एकशेदहावाल्याच्या पुढेच होता. पास तर दोघंही. पण एकाच्या मनात तो दहानं वर होता आणि दुसऱ्याच्या मनात तीसनं खाली, आणि खाली असलेला माणूस तुक्के मारतो.

डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच शास्त्रीय भाषेत मांडलं. माणूस एकूण संपत्ती मोजत नाही, एका बिंदूपासून वर की खाली एवढंच मोजतो. वर असला की जपून वागतो. खाली असला की भरपाईसाठी धोका पत्करतो. शिवाय तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख साधारण दुप्पट असतं. हा बिंदू नेमका कुठे असतो, हे त्यांनी बरंचसं मोकळं सोडलं होतं. २००६ मध्ये बोटोंड कोसेगी आणि मॅथ्यू रेबिन या दोघांनी त्याचं उत्तर दिलं: तो बिंदू म्हणजे माणसाची नुकती-नुकती बाळगलेली अपेक्षा. मला हे उत्तर फार आवडतं, कारण ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीला आधीच माहीत होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारात आहेत, पण भांडण खरं आहे आणि मारही खरा आहे.

सोनी वाहिनीवरचा ‘डील या नो डील’ हा खेळ आठवत असेल. बंद पेट्या, प्रत्येकीत वेगळी रक्कम, आणि मधूनमधून ‘बँक’ सांगणार की एवढे घ्या आणि खेळ थांबवा. मूळ खेळ हॉलंडचा. रिचर्ड थेलर आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी हॉलंड, जर्मनी आणि अमेरिकेतल्या १५१ स्पर्धकांचे निर्णय तपासून २००८ मध्ये एक निबंध छापला. त्यात फ्रँक नावाचा एक स्पर्धक आहे. खेळाच्या मध्यावर त्याच्यासमोर पाच लाख युरोची पेटी शिल्लक होती. ती त्याच्याच हातून उघडली गेली आणि बाद झाली. त्यानंतर त्यानं बँकेचा एकही प्रस्ताव स्वीकारला नाही. शेवटी दोन पेट्या राहिल्या, एकीत १० युरो, दुसरीत १०,०००. बँक सहा हजार द्यायला तयार होती, म्हणजे दोन्हींच्या सरासरीपेक्षा जवळजवळ हजार जास्त. फ्रँक नाही म्हणाला आणि १० युरो घेऊन घरी गेला. तो स्टुडिओत रिकाम्या हातानं आला होता, त्यामुळे सहा हजार ही निखळ कमाई होती. पण त्याच्या मनातली रेघ पाच लाखांपाशीच राहिली होती, आणि तिथून पाहिलं तर सहा हजार आणि दहा यांच्यात फरक तो काय!

आता बॉथेल.

इथल्या ऑफर लेटरमध्ये पगाराच्या खाली एक दुसरा आकडा असतो. कंपनीचे इतके शेअर, चार वर्षांत, हप्त्याहप्त्यानं हातात येणार. आपण सगळे त्याला नुसतं ‘स्टॉक’ म्हणतो. भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगते: हे शेअर त्या दिवशी मिळत नाहीत. ठरलेल्या तारखेला तुम्ही नोकरीत असाल तरच तो हप्ता तुमचा होतो, त्या दिवसाच्या भावानं तो पगार म्हणून धरला जातो आणि त्यावर कर कापला जातो. बऱ्याचदा तो कमीच कापला जातो, आणि एप्रिलमध्ये उरलेला भरताना घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही. थोडक्यात, स्टॉक म्हणजे न आलेला पगार, ज्याचा आकडा रोज हलतो. घराघरांत मात्र तो आलेलाच धरतात. मुलांचं प्रीस्कूल, भारतवारी, गाडी, घराचा हप्ता, सगळं त्या चार वर्षांच्या तक्त्यावर बसवलेलं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरंच, पण इथे अंथरूण अजून दुकानातून यायचं असतं.

माझी एक मैत्रीण आहे. तिला विचारून लिहिते आहे, नाव आणि कंपनी सोडून. तिच्या नवऱ्याला २०२१ च्या सुरुवातीला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. बहुतेक शेअर तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी मिळायचे होते. तिनं एक्सेलमध्ये तक्ता केला, भाव दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढेल असं धरून. त्या शरद ऋतूत त्यांनी घर घेतलं. व्याजदर तीन टक्क्यांच्या आसपास होते, घरावर एकाच वेळी आठ-दहा बोली लागत होत्या, आणि तक्ता सांगत होता की परवडतं. हा नवरा म्हणजे नागपूरला असताना पीपीएफच्या पलीकडे न गेलेला माणूस. म्युच्युअल फंडाच्या एजंटला चहा पाजून परत पाठवणारा.

२०२२ मध्ये टेक कंपन्यांचे भाव कोसळले. ॲमेझॉनचा शेअर त्या एका वर्षात निम्म्यावर आला, मायक्रोसॉफ्टचा पाव भागाहून जास्त उतरला. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या कंपनीचंही तेच झालं. जे हातात आलं होतं ते त्यानं विकलं नाही, कारण ‘तक्त्यातल्या भावाला आला की विकू’. ऑक्टोबरपासून तो रात्री जेवणानंतर ऑप्शन्स घ्यायला लागला. सुरुवातीला पाचशे डॉलरचे, मग दोन हजारांचे. मैत्रीण एच-फोरवर, तिला काम करायची परवानगी नव्हती. क्रेडिट कार्डाची स्टेटमेंट्स मात्र तीच जुळवायची, म्हणून तिला हे कळलं. ‘हा जुगार खेळायला लागला’ असं ती मला सॅमामिश नदीकाठच्या वाटेवर चालताना म्हणाली. मला तेव्हाही तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो माणूस तोच होता. तक्त्यातल्या आकड्याच्या तो खाली होता आणि वर यायला धडपडत होता, माझ्या दीडशेवाल्या मुलासारखा. भाव आधीच्या वर्षी दुप्पट झाला असता तर त्यानं ऑप्शन्सचं नावही काढलं नसतं.

जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉननं अठरा हजार आणि मायक्रोसॉफ्टनं दहा हजार माणसं कमी करण्याची घोषणा केली. तो महिना आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. इतर कंपन्यांतही कपात सुरू होती, त्यात हा सापडला. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला नोकरी संपल्यापासून दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. घराचा हप्ता थांबत नाही. न मिळालेले सगळे शेअर तक्त्यातून एका दिवसात गेले. आणि जे मिळालेले होते, ते त्यांनी त्या साठ दिवसांत विकले, तळाच्या भावाला. बावन्नाव्या दिवशी दुसरी नोकरी मिळाली, पगार थोडा कमी. घर राहिलं.

पुढे भाव परत वर आले, ॲमेझॉनचा तर २०२४ मध्ये जुना उच्चांक ओलांडून गेला. त्यामुळे २०२२ मध्ये न विकणारे आज पार्ट्यांमध्ये धीराचं महत्त्व सांगतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही असं म्हणणार नाही, पण त्यांचं हे विश्लेषण मला मान्य नाही. मैत्रिणीच्या नवऱ्यानंही वर्षभर धीरच धरला होता. ज्यांची नोकरी टिकली किंवा ज्यांच्या हातात ग्रीन कार्ड होतं त्यांना थांबणं परवडलं, एवढंच.

आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांना या सगळ्याचं नवल वाटलं नाही. त्यांचे वडील बोइंगच्या एव्हरेटच्या कारखान्यात होते, इथून गाडीनं अर्ध्या तासावर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बोइंगमध्ये लाखभर माणसं होती. १९७१ पर्यंत ती चाळीस हजारांच्याही खाली आली. त्या वर्षी विमानतळाजवळ एक फलक लागला होता, की सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसानं दिवे मालवून जावं. दोन जमीन-घर दलालांनी तो गमतीनं लावला होता, पण गावात त्या वेळी हसण्यासारखं फार नव्हतं. आजोबा म्हणाले, वडिलांनी त्यानंतर आयुष्यात कुठल्याच कंपनीचा शेअर घेतला नाही. उल्रिके माल्मेंडियर आणि स्टेफान नागेल यांचा २०११ चा एक गाजलेला निबंध हेच सांगतो: आपल्या आयुष्यात शेअर बाजारानं वाईट काळ दाखवला असेल तर माणूस पुढे दशकानुदशकं बाजारापासून लांब राहतो. पुस्तकात वाचलेली मंदी त्याला तसं करत नाही. स्वतः भोगलेली करते.

आपल्या लोकांची रेघ आणखी एका गोष्टीनं ठरते, ती म्हणजे ‘पाच वर्षं काढायची आणि परत जायचं’. ही अपेक्षा मनात असते तोवर माणूस रुपयांत मोजतो. म्हणून इथे पहिल्या दोन वर्षांत ४०१(के) मध्ये पैसे न भरता बाणेरला किंवा वाकडला फ्लॅट घेतला जातो. समजा २०१४ मध्ये कुणी साठ लाखांचा घेतला. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या आसपास, म्हणजे एक लाख डॉलर. २०२४ च्या अखेरीस तो पंच्याऐंशी लाखांना विकला. पंचवीस लाखांचा फायदा, सासरी-माहेरी पेढे. डॉलर तोवर पंच्याऐंशीच्या घरात. म्हणजे हातात आले एक लाख डॉलर. परत जाणाऱ्याला खरंच फायदा झाला. इथेच राहिलेल्याचे पैसे दहा वर्षं जागच्या जागी उभे राहिले, भाडं आलं असेल तर तेवढं सोडून. पण ‘फ्लॅटमध्ये रिस्क नाही’ हे दोघंही तितक्याच खात्रीनं सांगतील.

सुरक्षिततेचीही अपेक्षाच असते, आणि मला वाटतं तीच जास्त महाग पडते. वाढीची आशा धरणारा निदान रोज भाव तरी बघतो. ‘इथे काही होणारच नाही’ असं धरणारा पावती कपाटात ठेवून विसरतो. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना १९६४ ची. आपल्या आईवडिलांच्या पिढीत ती सरकारी ठेवीसारखी मानली जायची. निवृत्तीचे पैसे आले की अर्धे पोस्टात, अर्धे युनिटमध्ये. त्यातले पैसे शेअर बाजारातही असतात हे कितीजणांच्या गावी होतं? जुलै २००१ मध्ये ट्रस्टनं सहा महिने युनिटची खरेदी-विक्रीच थांबवली, तेव्हा सुमारे दोन कोटी लोकांना ते एकदम कळलं. पुढे सरकारनं छोट्या गुंतवणूकदारांना सावरलं. पुण्याच्या रुपी बँकेची स्थापना १९१२ ची. शंभर वर्षांच्या बँकेला काय होणार? फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना गेला. मधली साडेनऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली असतील, ते पुण्यातल्या वाचकांना सांगायला नको. बँक ठेवींना विम्याचं संरक्षण १९९३ पासून एक लाखाचं होतं, २०२० मध्ये ते पाच लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते मुळीच नाही. पाटी सारखी, काउंटर सारखं, पासबुक सारखं, त्यामुळे हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या बाबांच्या तर नक्कीच आला नव्हता. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, ‘रिस्क नको’ या पंथाचे आजीव सभासद. २०१६ मध्ये त्यांनी सहा लाख रुपये गावातल्या एका पतसंस्थेत दहा टक्क्यांनी ठेवले. संचालक ओळखीचे, एक तर त्यांचाच विद्यार्थी. वर्षभरात संस्था अडचणीत आली. मुद्दल तीन वर्षांत तुकड्यातुकड्यानं परत मिळालं, व्याज मिळालं नाही. बाबा तसे नशीबवान. पण त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर एक आकडा लिहिलेला आहे: १,८०,०००. तीन वर्षांचं बुडालेलं व्याज. मुद्दल परत आल्यावर ते पोस्टात ठेवतील असं आम्हा भावंडांना वाटलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या पतसंस्थेत ठेवलं, कारण तिथे साडेनऊ टक्के मिळत होते आणि ‘गेलेलं भरून काढायचं आहे’. आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेला माणूस!

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला गेले तेव्हा मी डायरीच्या त्याच पानावर त्यांना गणित मांडून दाखवलं. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, सरकारी हमीनं. साडेनऊ आणि सव्वाआठच्या आतबाहेर, फरक १.३ टक्क्यांचा. सहा लाखांवर वर्षाला ७,८००. या वेगानं १,८०,००० भरून यायला तेवीस वर्षं लागतील. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी आकडेमोड दोनदा तपासली, शिक्षकच ते, आणि ‘बरोबर आहे’ म्हणाले. मग डायरी मिटली.

त्या पावतीची मुदत येत्या डिसेंबरात संपते. मी त्यांना सांगितलं आहे की पैसे पोस्टात टाका किंवा टाकू नका, पण आधी त्या पानावरचा आकडा खोडा, मग ठरवा. परवा दिवाळीचा फराळ पोचल्याचं सांगायला फोन केला, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, पतसंस्थेचा मॅनेजर घरी येऊन गेला, ज्येष्ठांना अर्धा टक्का वाढवून देतोय. खोडलात का आकडा, असं मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी फोन आईकडे दिला.